बाळूला करमत नाही

बंगळुरात घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक दोन प्रश्न हमखास विचारतो. मांसाहार करता का, आणि कुत्रंबित्रं आहे का. माझ्या भाच्याने दोन्हींना ठणकावून 'नाही' म्हणून सांगितलं आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं. त्या घरात मांसाहार एकटा बाळू करतो, आणि बाळू कुत्रा नाही. अजगर आहे.

अजगर म्हटल्यावर लगेच पोटात शेळीचा उंचवटा असलेलं धूड डोळ्यांसमोर आणू नये. बाळू हा बॉल पायथन. मूळ गाव पश्चिम आफ्रिका, म्हणजे घाना, टोगो, बेनिन तिकडचं. अजगरांच्या खानदानातला हा बुटबैंगण. नर असल्यामुळे तीन-साडेतीन फुटांवर त्याचं वाढणं आटोपलं. विष नाही. घाबरला तर चावण्याऐवजी अंगाची गुंडाळी करतो आणि डोकं मधोमध खुपसून बसतो, म्हणून 'बॉल'. माझ्या ताईला हे नाव पसंत पडलं नाही. "बॉल काय बॉल? बाळू म्हणा," असं म्हणून तिने बारसं उरकलं.

भाचा नोकरीतही पायथन याच भाषेत प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे "ऑफिसात पायथन, घरीही पायथन" हा विनोद आम्ही सर्वांनी भरपूर सोसला. शेवटी मी त्याला सांगितलं, की ती भाषा बनवणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी नाव सापावरून ठेवलंच नव्हतं. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ठेवलं होतं. तेव्हापासून प्रमाण कमी आहे.

बाळू आधी भाच्याच्या एका सहकाऱ्याचा होता. त्याला जर्मनीत ऑनसाइट मिळालं. लोक जाताना फ्रिज नाहीतर वॉशिंग मशीन मागे ठेवून जातात, याने अजगर ठेवला. पण सगळं रीतसर. पाळीव सापांच्या बाबतीत आपला कायदा मोठा गमतीदार आहे. परसात निघालेली धामण उचलून घरात ठेवली तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. आफ्रिकेतला अजगर ठेवायचा तर ऑनलाइन अर्ज. २०२० साली केंद्राने "ज्यांच्याकडे परदेशी प्राणी असतील त्यांनी सहा महिन्यांत सांगून टाका, कागद मागत नाही" अशी मुभा दिली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली नियम आले, आणि आता 'परिवेश' नावाच्या सरकारी पोर्टलवर अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतर, जन्म, मृत्यू सगळं नोंदवावं लागतं. माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा खाता, म्हणजे पालिकेतली नोंद, अजून अनियमित मालमत्तांच्या 'बी' यादीत अडकलेला आहे. बाळूचे कागद मात्र स्वच्छ. हे दुःख कळायला बंगळुरातच राहावं लागतं.

कागदांचा हा आग्रह उगाच नाही. पूर्वी लोक बँकॉकहून टी-शर्ट आणत. ऑगस्ट २०२३मध्ये बँकॉकहून केंपेगौडा विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून २३४ प्राणी निघाले: अजगर, इग्वाना, शॅमेलिऑन, कासवं, आणि गुदमरून मेलेलं एक कांगारूचं पिल्लू. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी एका बॅगेतून दहा पिवळे ॲनाकोंडा. बॉल पायथन हा तर या चोरट्या मालातला नेहमीचा प्रवासी. तेव्हा बाळूची फाइल भाच्याने प्लास्टिकच्या फोल्डरात घालून पासपोर्टशेजारी ठेवली आहे.

दिवाळी झाली आणि बाळूला करमेनासं झालं.

बॉल पायथन निशाचर. अंधार पडल्यावर बिळातून निघून जरा पाय मोकळे करणं (असते तर) यात वावगं काही नाही. पण बाळू रात्री नऊला निघायचा तो पहाटे दुधाची गाडी येईपर्यंत थांबायचा नाही. समोरच्या काचेला नाक टेकवून डावीकडून उजवीकडे. कोपऱ्यात पोचला की अर्धं अंग उचलून उभा. झाकणाच्या फटीत नाकाचं टोक घालून एकदा, दोनदा उचकटून बघणार. मग खाली, आणि नाक पुन्हा काचेला लावून उजवीकडून डावीकडे. काचेवर खालपासून बोटभर उंचीवर एक धूसर पट्टा उमटलेला असायचा. भाचा सकाळी पुसायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. नाकाच्या टोकावरचा खवला घासून तांबूस दिसू लागला, तेव्हा घरात बैठक बसली.

ताई आणि मी मूळचे बत्तीस शिराळ्याजवळचे, त्यामुळे सापाचं भय आमच्या घरात नाही. लहानपणी नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुकीमागे आम्ही अनवाणी पळालोय. पुढे उच्च न्यायालयाने जिवंत नागांचे खेळ बंद केले आणि शिराळकरांनी प्रतिमांची मिरवणूक काढायला सुरुवात केली. २०२५ साली केंद्राने २१ नाग, तेही केवळ अभ्यास आणि प्रबोधनासाठी, पकडायला परवानगी दिली तेव्हा ताईने फोन करून ही बातमी मला तीनतीनदा वाचून दाखवली. नागपंचमीला ती अजूनही विळी धरत नाही, तवा ठेवत नाही. पुरणाची दिंडं उकडते आणि नागाला भाऊ मानून पुजते. त्या हिशेबाने बाळू माझाही भाऊ लागतो. पण भाच्याने त्याला मुलगा मानलेलं असल्याने ते नातं आम्ही फार उलगडत नाही.

ताईचं निदान तयार होतं. "घर धरवत नाहीये त्याला. चौदाव्या मजल्यावर कोंडून घातलाय. ना शेजार, ना अंगण. दूध ठेवून बघ." दूध सापाला पचत नाही, पंचमीला नाग पितो तो गारुड्याने आधी तहानेने व्याकूळ केलेला असतो म्हणून, हे भाच्याने तिला समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसरं निदान काढलं. "मग वय झालंय त्याचं. जोडीदार बघायला पाहिजे." हे बोलताना ती टाकीकडे बघत नव्हती. भाचा तेहतिशीत आहे. मुलीकडच्यांनी 'घरात कोण कोण असतं' विचारलं तर सापाचं आधी सांगायचं की साखरपुड्यानंतर, यावर मायलेकांचं अजून एकमत व्हायचं आहे.

स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांनी पहिल्या दिवशी बाळूला बघून किंचाळी मारली होती, दुसऱ्या दिवशी हात जोडले होते आणि तिसऱ्या दिवशी पगार वाढवून मागितला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोष आहे. कुक्के सुब्रमण्यला जाऊन आश्लेषा बळी करायचा, जमलं तर सर्पसंस्कार. तेवढं लांब होत नसेल तर दोड्डबळ्ळापूरजवळचं घाटी सुब्रमण्य आहेच. "पूजे माडिसी सार." अडचण एवढीच, की ही पूजा माणूस सापाच्या कोपातून सुटावा म्हणून करतो. इथे सापच बिथरलेला. यजमान म्हणून बसायचं कुणी? अक्का म्हणाल्या, फोटो चालतो. नंतर कळलं की त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न दोनदा जुळून मोडलंय आणि त्यांचा कुक्केला जायचा बेत वर्षभर लांबतोय.

भाच्याला स्वतःला वाटत होतं की बाळूला 'स्ट्रेस' आहे. त्याच्या टीमलीडने व्हिडिओ कॉलवर बाळूला दोन मिनिटं बघून "ही इज अंडर-एंगेज्ड" असा अहवाल दिला आणि टाकीत काही उपक्रम सुरू करायला सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खापर फोडलं ते वरच्या मजल्यावरच्या नूतनीकरणावर. तिथल्या ड्रिलमशीनविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार दिलेली होती आणि तिला एक साक्षीदार हवा होता.

एकूण ज्याला जे झालंय ते त्याने बाळूला बहाल केलं. मी गप्प होतो. रात्रीतून उठून फेऱ्या का माराव्या लागतात याची या वयातली कारणं मला चांगली माहीत आहेत, पण चारचौघांत कशाला.

गंमत म्हणजे सेक्रेटरी अगदीच चुकीचे नव्हते. सापाला बाहेरचा कान नाही, म्हणून तो ठार बहिरा असं आपण धरून चालतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली नेमक्या बॉल पायथनवरच प्रयोग करून दाखवलं, की हवेतल्या आवाजाने कवटीला येणारा कंप त्याला कळतो, आणि कळतो तो ८० ते १६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्जात. ताईची आरतीची घंटा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ड्रिलची घरघर, मिक्सर, बाहेरच्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांचं काम, हे सगळं जबड्यातून आत पोचतं.

आणि ताईचं 'घर धरवत नाही' हेही वाटतं तितकं भाबडं नाही. आपल्याच कर्नाटकात आगुंब्याला २००८पासून नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. पकडून लांब नेऊन सोडलेला नागराज आपल्या भागात राहणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वणवण करतो, असं त्यात दिसलं. ओळखीचं बीळ नाही, ओळखीचा वास नाही. जीभ बाहेर काढावी तर प्रत्येक वेळी नवीच बातमी. भाचा राहतो त्या बेळ्ळंदूरच्या आसपासच्या निम्म्या लोकांची हीच हकीकत असल्याने त्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही.

अखेर डॉक्टर. शहरात आता पोपट, कासवं, इग्वाना बघणारे डॉक्टर आहेत. बाळूला उशीच्या अभ्र्यात घातलं, वर गाठ मारली, अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवला आणि आम्ही तिघांनी ऑटो केली. "अदरल्लि एनु सार?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं. भाचा प्रामाणिकपणे "हावु", म्हणजे साप, असं म्हणाला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो: त्या माणसाने मीटर टाकला. वाटेत एकदाही तोंड उघडलं नाही, आणि उतरताना सुटे पैसे मोजून परत दिले. बंगळुरात अजगर पाळण्याचा मला दिसलेला हा एकमेव व्यवहारी फायदा.

दवाखान्यात एक पर्शियन मांजर आणि तिची मालकीण बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली. डॉक्टर तरुण, मूळचे धारवाडचे, मराठी समजणारे. त्यांनी बाळूला हातावर घेतलं आणि आधी बाकीच्या शक्यता भराभर निकालात काढल्या: खवल्यांखाली गोचिडासारखे बारीक काळे ठिपके नाहीत, तोंडात लाळेचे बुडबुडे नाहीत, श्वासाला शिट्टी नाही, मान आकाशाकडे वळवून तंद्री लागत नाही. पालथा केला तर लगेच सुलटा होतो. मग भाच्याची उलटतपासणी सुरू झाली.

"टाकीतलं तापमान?"

भाच्याचा चेहरा उजळला. त्याने मोबाईलवर चोवीस तासांचा आलेख उघडला. उबेच्या बाजूला एकतीस, एक रेष इकडची तिकडे नाही.

"सेन्सर कुठे लावलाय?"

"वर. काचेला."

"आणि साप कुठे राहतो?"

"खाली."

डॉक्टर थोडा वेळ आलेखाकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "टाकी तीच आहे?"

इथे भाचा खुलला. दिवाळीला बोनस झाला होता. आधीची टाकी दोन फुटी, जुनाट, तीन बाजूंनी पत्र्याची. त्याने चार फुटी घेतली. चारही बाजूंनी नितळ काच, आत एलईडीची माळ, प्लास्टिकच्या वेली, आणि लपायला मधोमध एक पोकळ कवटी, चाचेगिरीच्या सिनेमातली. टाकी हॉलच्या मोठ्या खिडकीशेजारी ठेवलेली, तिथून तलाव दिसतो. बेळ्ळंदूरचा तलाव. गेल्या दहा वर्षांत त्याच्यावर फेसाचे डोंगर आले आणि त्याने अधूनमधून पेटही घेतला, पण जाहिरातीत तो 'लेक व्ह्यू'च आहे.

डॉक्टरांनी हात टेकले. बॉल पायथन त्याच्या मुलखात राहतो कुठे, तर वारुळात आणि घुशी-उंदरांच्या बिळात. त्याला अंगाला चारी बाजूंनी भिंत लागलेली लागते. तशी लागली नाही तर तो समजतो की आपण उघड्यावर आहोत आणि वरून कुणीतरी झडप घालणार. "त्याला पीजीतली खोली हवी आहे," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही व्हिला दिलात." मोठी टाकी वाईट नाही, पण मग तिच्यात अडगळ पाहिजे, आडोसे पाहिजेत, एक उबेच्या टोकाला, एक गार टोकाला. एकच असला तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो रात्रभर निवडत बसतो. शिवाय नर आहे. थंडीच्या महिन्यांत मादीच्या वासावर भटकायची या जातीच्या नरांना सवयच असते.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी तिचं समाधान व्हावं म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातली गोष्ट सांगितली. तिथल्या साठी ओलांडलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, आणि कित्येक वर्षांत तिच्या आसपास नर फिरकलेला नव्हता. ताईने ही माहिती दोन क्षण चघळली आणि भाच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तिकडच्या पोरींना आता कुणाची गरजच नाही." त्या दिवशी परतीच्या ऑटोत कुणी फारसं बोललं नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा सेन्सर खाली आणला. उबेच्या चटईवर जमिनीलगत चाळीसच्या वर आकडा निघाला. वरची हवा एकतीसवर सुखरूप, आणि खाली बाळूचं पोट भाजत होतं. सापाला पोटाखाली पोळतंय हे वेळेवर कळत नाही, त्यामुळे अशा चटईवर भाजलेले साप डॉक्टरांकडे नेहमी येतात. थर्मोस्टॅट त्याच वरच्या आकड्यावर विसंबून चटई तापवत बसलेला. सॉफ्टवेअरवाल्या घरात झालेली ही चूक होती, म्हणून तिला 'मॉनिटरिंग इश्यू' असं नाव मिळालं.

मग पॉटरी टाउनमधून दोन छोटी मडकी आणली. कुंभाराने दार कशाला ठेवायचं ते विचारलं, आम्ही सांगितलं, त्याने चकार शब्द न काढता अचूक मापाचं दार कापून दिलं आणि कडा घासून गुळगुळीत केली. तीन बाजूंच्या काचांना काळा कागद लावला. एलईडीची माळ ताईने काढून देवघराला लावली. कवटी भाच्याने स्वतःच्या टेबलावर ठेवली. पेनं ठेवायला बरी आहे. टाकी खिडकीपासून हलवून भिंतीच्या कोपऱ्यात नेली, आणि डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे आठवडाभर बाळूला हात लावायचा नाही, काढून पाहुण्यांना दाखवायचं नाही, असं ठरलं. हे शेवटचं कलम भाच्याला फार जड गेलं.

पहिल्या रात्री बाळूने नेमाने काच घासली. दुसऱ्या रात्री अर्धीच. मग एका रात्री तो उबेच्या मडक्यात शिरला, आत वळून बसला आणि दारातून नाकाचं फक्त टोक बाहेर ठेवलं. काच स्वच्छ राहिली. पुढे डोळे निळसर-दुधी झाले. भाचा हबकला, पण ती कात टाकायची तयारी. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची पापुद्र्याची झाकणं अडकून बसतात, म्हणून गार टोकाच्या मडक्यात ओलं शेवाळ घातलं. डोळे पुन्हा निवळले, आणि त्यानंतर एका सकाळी मडक्याशेजारी अख्खी कात पडलेली, ओठापासून शेपटीपर्यंत सलग, डोळ्यांच्या दोन गोल चकत्यांसकट. अक्कांनी तिचा बोटभर तुकडा मागून घेतला. तो कुक्केला गेला की त्यांच्या तांदळाच्या डब्यात, मी विचारलं नाही.

यापुढे सगळं सुरळीत व्हायचं, तर बाळूने जेवण सोडलं.

त्याचं जेवण म्हणजे गोठवलेला उंदीर. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी वेगळ्या डब्यात असतो आणि डब्यावर भाच्याने लाल अक्षरांत 'आई, हे नको' असं लिहिलंय. कोमट पाण्यात उंदीर वितळवला, चिमट्यात धरला, मडक्याच्या दाराशी हलवला. बाळूने जीभ दोनदा बाहेर काढली आणि डोकं आत घेतलं. पुढच्या आठवड्यात तेच. महिना गेला. समोर कुणीही बसलं तरी त्याला "जेवलास का?" विचारल्याशिवाय ज्या बाईचा जीव खाली पडत नाही, तिच्या डोळ्यांदेखत घरातलं एक माणूस उपाशी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घाबरू नका, थंडीत या जातीचे नर महिनोन्‌महिने खात नाहीत. फक्त वजन बघत राहा, झपाट्याने उतरलं तरच या.

तेव्हापासून दर रविवारी बाळू स्वयंपाकघराच्या काट्यावर बसतो. ताई आकडा वाचते, भाचा वहीत लिहितो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, आणि वजन होतं तिथेच. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे.

ताई संकष्टी धरते, दोन्ही एकादश्या धरते, श्रावणी सोमवार तर आहेतच. प्रत्येक उपासाला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि संध्याकाळी एखादा राजगिऱ्याचा लाडू. तरी रक्तातली साखर वर आणि गुडघे बोलायला लागलेले. वहीतले आकडे तिने दोनदा वाचले.

"नुसत्या पाण्यावर?"

"नुसत्या पाण्यावर," भाचा म्हणाला.

तिने काट्यावरच्या बाळूला आपादमस्तक न्याहाळलं. "चातुर्मास चुकून थंडीत धरलाय," ती म्हणाली, "पण धरलाय खरा."

पुढच्या संकष्टीला खिचडी झालीच. पण ती तिने टाकीकडे पाठ करून खाल्ली.